हसण्याची मुभा

पाय मोडून प्लॅस्टरमध्ये पडलेल्या माणसाला भेटायला चार मंडळी जमतात. गप्पा रंगतात, कुणीतरी गावाकडचा किस्सा सांगतं आणि तो माणूस खळखळून हसतो. त्या हसण्यामुळे त्याच्या हाडाविषयी कुणी शंका घेत नाही. पुन्हा एक्स-रे काढा, असं कुणी म्हणत नाही. मन आजारी असलेल्याला मात्र ही सवलत नसते. तो हसला की ते हसू त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतं. “काल लग्नात तर छान हसत होतीस की!” हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि बहुतेकांनी ते मायेनंच म्हटलं आहे. त्यात आरोप दडलेला असतो, हे म्हणणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मला नैराश्याचा आजार आहे. आज मी बरीच सावरले आहे, पण हे दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं, म्हणून गोळी आणि डॉक्टर दोन्ही चालू आहेत. या दिवसांत आनंदाविषयी मला जे उमगलं ते सांगावंसं वाटतं, कारण घराघरांत कुणीतरी त्याच पेचात अडकलेलं असणार. आजार आणि आनंद एकाच दिवशी, एकाच माणसात शेजारी शेजारी नांदू शकतात. एक आहे म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

नैराश्य म्हणजे दुःख, असा सर्वसाधारण समज असतो. माझ्याकडे दुःख असं फारसं नव्हतंच. दुःखाला काही कारण असतं, रडलं की ते थोडं हलकं होतं. मला ग्रासलं होतं ते बेचवपणानं. साताऱ्यात पावसाळा सुरू झाला की अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ढग उतरतात. लहानपणापासून ते बघत आले, आणि दर वर्षी ते दिसले की आत काहीतरी हलायचं. त्या वर्षीही ढग उतरले. मी खिडकीतून पाहिले. ढग उतरलेत, एवढंच कळलं. त्यापलीकडे काही नाही. नवऱ्यानं मोती चौकातून कंदी पेढे आणले. पेढा गोड आहे हे जिभेनं सांगितलं, आत कुठेच काही पोचलं नाही. लेकीनं दहावीचा निकाल दाखवला. मी तिला जवळ घेतलं, “शाब्बास गं” म्हटलं, आणि तो आवाज मला माझाच वाटला नाही. तिच्या यशाचा आनंद व्हायला हवा हे ठाऊक होतं. तो होत नव्हता, आणि आपण कसली आई, हा विचार मात्र लगेच हजर होता.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की हे या आजाराचं एक मुख्य लक्षण आहे. मन सतत उदास असणं आणि आवडत्या गोष्टींतला रस निघून जाणं, या दोहोंपैकी एक तरी किमान दोन आठवडे टिकलेलं असल्याशिवाय हे निदान करतच नाहीत. रस निघून जाणं हा स्वभावाचा दोष नाही, मायेचा आटलेपणाही नाही, तो आजाराचा भाग आहे, हे त्या दिवशी ऐकलं आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी बसल्या बसल्या मला रडू आलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी आतपर्यंत पोचलं होतं.

आजाराची दुसरी एक खोड होती, तिनं घरच्यांना फार गोंधळात टाकलं. मला पहाटे चारच्या सुमारास जाग यायची, ती पुन्हा न झोपण्यासाठीच. सकाळ सगळ्यांत जड. अंथरुणातून पाय खाली टेकवणं, दात घासणं, अंगावर पाणी घेणं ही एकेक मोठी कामं वाटायची. पतसंस्थेत काउंटरवर बसले तरी अकरा-बारापर्यंत समोरच्याचं बोलणं नीट कळायचं नाही. दुपार टळली की हळूहळू सैल व्हायचं, आणि संध्याकाळी मी चारचौघींसारखी बोलू शकायचे. काहींचं नैराश्य असंच चालतं, सकाळी घट्ट आणि दिवस कलला की थोडं ढिलं. पण नातेवाईक, शेजारी भेटतात ते संध्याकाळीच. त्यांनी पाहिलेली मी चहा करत होते, बोलत होते, क्वचित हसतही होते. त्या संध्याकाळच्या भरवशावर ते माझी सकाळ खोटी ठरवत.

मग मी हसू आवरायला लागले. टीव्हीवर काही गमतीचं लागलं, ओठ हलले, की आधी दाराकडे नजर जायची. कुणी पाहिलं तर म्हणतील, हिला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे नुसता. आणि याहून वाईट म्हणजे माझी मलाच शंका यायची. मी खरंच आजारी आहे ना? की सगळं नाटक आहे? आजारानं आनंदाचा मोठा वाटा आधीच नेलेला असतो. उरलेला थोडासा आपण असा भीतीपोटी दडवून ठेवतो, आणि दडवलेला आनंद फार दिवस तग धरत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं ठरलं तेव्हा घरात कुणी काही बोलेना. आपल्याकडे ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर ही नावं तिथल्या मनोरुग्णालयांमुळे टोमण्यांत वापरली जातात, आणि ते टोमणे ऐकतच आपण मोठे होतो. सासूबाईंनी जवळ बसून विचारलं, “अगं, तिकडं जाण्यासारखं काय झालंय तुला? देवाचं काही करू या का आधी?” मी म्हटलं, “आई, देवाचंही करू. पण डॉक्टरांकडे जाऊ दे मला.” त्यांनी फार ताणलं नाही. निघताना डब्यात दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला द्यावी तशी दिली. दवाखाना पोवई नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

गोळी सुरू झाली. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना जास्तही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते बरं झालं. नाहीतर पहिल्या आठवड्यात तोंडाला कोरड पडली आणि पोट बिघडलं तेव्हाच मी धीर सोडला असता.

याच काळात या औषधांच्या जन्माची एक हकीकत वाचायला मिळाली. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहत होते. काही दिवसांत एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसू लागली, भरपूर जेवू लागली, एकमेकांशी बोलू लागली, वॉर्डात नाचू लागली. फुप्फुसं अजून आजारीच होती, आणि चेहरे मात्र उजळले होते. डॉक्टरांनी ही गोष्ट मनावर घेतली. काही वर्षांत, 1957 च्या सुमारास, हेच औषध नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आलं, आणि नैराश्यावरच्या पहिल्या औषधांमध्ये त्याची गणना झाली. यकृताला अपाय होतो असं दिसल्यावर ते पुढे मागे पडलं, पण वाट उघडली ती उघडलीच.

हे वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. त्या वॉर्डातली माणसं नाचली म्हणून त्यांना क्षय झालाच नव्हता, असं कुणी ठरवलं नाही. त्यांचं नाचणंही खरं मानलं, त्यांचा आजारही खरा मानला. दोन्ही खरं मानणारे डॉक्टर तिथे होते म्हणून पुढे लाखो माणसांना औषध मिळालं.

गोळीच्या जोडीला समुपदेशन होतं. समुपदेशक बाईंनी मला एक साधी वही करायला सांगितली. दिवसाचे तास लिहायचे, त्या तासात काय केलं ते लिहायचं, आणि पुढे दोन रकाने. एकात ‘आनंद’, दुसऱ्यात ‘जमलं’. दोन्हींना शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा. आनंद किती वाटला, आणि करायला अवघड असूनही किती जमलं. मी विचारलं, “काही करावंसंच वाटत नाही, तर लिहू काय?” त्या म्हणाल्या, “वाटण्याची वाट बघू नका. आधी करा, वाटणं मागून येतं. कधी येतं, कधी नाही. आकडा मात्र खरा लिहा.”

या उपायामागचा विचार पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात मांडला. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो. काम सुटलं की त्यातून मिळणारं लहानसं सुखही सुटतं, आणि सुख सुटलं की आणखी कामं सुटतात. हे चक्र विचारांनी मोडायला गेलं तर मोडत नाही, कारण विचारच आजारी असतात. ते हातापायांकडून मोडावं लागतं. हे काही बड्या शहरातल्या बड्या डॉक्टरांपुरतं राहिलेलं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीचा अभ्यास केला. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली सर्वसामान्य माणसं होती. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटींत त्यांनी पुन्हा लहान लहान कामांकडे वळवलं. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलेलं होतं, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. मला त्यातली सगळ्यांत धीराची गोष्ट वाटली ती ही, की आजारी माणसाला आनंदाकडे नेण्यासाठी फार मोठं ज्ञान लागलं नाही. शेजारी बसून “उद्या काय करशील?” असं नेमानं विचारणारं कुणीतरी लागलं.

माझ्या वहीत सुरुवातीला काय होतं? केसांना तेल लावलं: आनंद शून्य, जमलं चार. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं: आनंद शून्य, जमलं दोन. शेजारच्या काकूंबरोबर राजवाड्यापर्यंत चालत गेले: आनंद एक, जमलं सहा. अशी पानंच्या पानं. मग एका सकाळी आमटीला फोडणी देताना तेलात कढीपत्ता टाकला. तो तडतडला, वास घरभर पसरला, आणि मी झारा हातात घेऊन तशीच उभी राहिले. तो वास मला आला होता. रोजच येत होता, पण त्या दिवशी तो मला आवडला. वहीत लिहिलं: फोडणी, आनंद दोन. आनंद परतून येतो तो थोरामोठ्या कारणांनी येईल असं मला वाटत होतं, लेकीचं यश, सणवार, लग्नकार्य. माझा आला तो नाकातून. मग जिभेवर आला, मग कातडीवर. पावसाळ्यानंतरचं पहिलं कोवळं ऊन पाठीवर पडलं तेव्हा आनंद तीन. माणसांविषयीचा आनंद त्यानंतर किती तरी दिवसांनी आला. लेकीच्या गळ्यात हात टाकताना आत पुन्हा ऊब जाणवली तेव्हा मी आकडा लिहायला वही उघडली नाही.

वहीनं आणखी एक काम केलं. नैराश्यातली आठवण नीट चालत नाही, बरे क्षण ती गाळत जाते. संध्याकाळी मन ठामपणे सांगायचं, आजचा सगळा दिवस वाया गेला, एकही क्षण बरा नव्हता. वही उघडली की दुपारी चारच्या ओळीत तीनचा आकडा लिहिलेला दिसायचा, माझ्याच अक्षरात. पतसंस्थेत दिवसअखेर रोकड जुळत नसली की मी आठवणीवर विसंबत नाही, व्हाउचर काढून बघते. तसंच हे. मन काय म्हणतं ते ऐकायचं, आणि मग कागद काय म्हणतो ते बघायचं.

अशाच एका संध्याकाळी कामावरच्या सहकाऱ्यानं वार्षिक सभेतल्या एका सभासदाच्या भाषणाची इतकी हुबेहूब नक्कल केली, की मी पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घरी येऊन लिहिलं: आनंद सात. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठवेना. पंखा बघत पडून राहिले. लिहिलं: आनंद शून्य, जमलं एक. पूर्वी असं झालं असतं तर या दोहोंपैकी खरं काय, या प्रश्नानं मी दिवसभर स्वतःला छळलं असतं. कागदावर मात्र एका ओळीत सात होते, पुढच्या ओळीत शून्य. कुणी कुणाला खोडत नव्हतं. दोन्ही आकडे मीच लिहिले होते आणि दोन्ही खरे लिहिले होते. त्या दिवसापासून मी हसताना दाराकडे बघणं सोडलं.

दिवाळीत मावशी आल्या होत्या. फराळाला बसलो असताना मला हसताना बघून म्हणाल्या, “बरी झालीस की गं! मग आता त्या गोळ्या कशाला? सवय लागते म्हणे.” मी म्हटलं, “नाही मावशी, सवय लागणारं औषध नाही ते. आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायचं असतं. कमी करायचं तेही डॉक्टर सांगतील तसंच, हळूहळू.” त्या जरा विचारात पडल्या. “म्हणजे अजून आजारीच आहेस? मग आत्ता हसलीस ती?” “तीही खरीच हसले, मावशी.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. त्या पिढीतल्या बाईला पटल्याची ही खूण असते.

नंतर वाटलं, की मावशींना हे पटायला अवघड जायचं कारण नव्हतंच. त्या रोज ज्यांचे अभंग म्हणतात त्या तुकोबांनी हे केव्हाच दाखवून ठेवलं आहे. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसणारा हा माणूस आपल्या मनाची पडझड झाकत नाही. त्याच्या गाथेत तळमळ आहे, स्वतःवरचा राग आहे, काही नकोसं होणं आहे. आणि त्याच गाथेत आनंदानं ओसंडून वाहणारे अभंग आहेत. गाथेत आधी दुःखाचे आणि मग सुखाचे असे दोन भाग पाडलेले नाहीत, ते एकमेकांत मिसळून आले आहेत. साडेतीनशेहून अधिक वर्षं महाराष्ट्र दोन्ही प्रकारचे अभंग एकाच चालीत, एकाच श्रद्धेनं गातो आहे. तुकोबा आनंदानं गायले म्हणून त्यांचा शोक खोटा, असं आपण कधी म्हटलं नाही. हीच सवलत आपण घरातल्या माणसाला द्यायला हवी.

पण मुभा वेगळी आणि सक्ती वेगळी. “आनंदी राहा”, “चांगला विचार कर”, “तुला काय कमी आहे?” हे सल्ले मला खोल टोचत. आनंदी राहणं जमत नाही हाच तर आजार, आणि तोच गुन्हा म्हणून माझ्यापुढे यायचा. ज्या दिवशी आकडा शून्य असतो त्या दिवशी तो शून्यच लिहावा. त्या दिवशी आंघोळ झाली, गोळी घेतली, दोन घास पोटात गेले, तर दिवस पार पडला. आणि ज्या दिवशी जगणंच नको असा विचार मनात येईल, त्या दिवशी वही मिटून माणसाकडे जावं. घरच्यांना सांगावं, डॉक्टरांना फोन करावा. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मी आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवला आहे, गॅस एजन्सीच्या नंबरशेजारीच. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसतो, आणि दिसावा म्हणूनच तो तिथे आहे.

2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं, की आपल्या देशात दर 20 प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. म्हणजे प्रत्येक चाळीत, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक भजनी मंडळात कुणीतरी आहे. त्यातली बरीच माणसं आज हसूही लपवत असतील आणि रडूही. त्यांना मला सांगायचं आहे, की वाट्याला आलेला आनंद घ्या, तो कितीही लहान असला तरी. आपण पुरते बरे झालो की मग आनंद घेऊ, असं ठरवून थांबू नका. बरं होण्याच्या वाटेवर तोच जागोजागी पडलेला असतो, आणि त्यानंच पुढचं पाऊल उचलतं.

आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे. तुमचं आजारी माणूस हसलं तर त्याच्याबरोबर मोकळेपणानं हसा, त्या हसण्यातून काही सिद्ध करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी त्याची चौकशी करा, गोळी घेतली का विचारा, चहा हातात द्या, उठायला जड जात असेल तर थोडा वेळ शेजारी बसा. ही दोन्ही कामं तुमची आहेत, आणि एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.